ताईमुळे झालेली इंजिनीअर

मी इंजिनीअर का झाले, याचं खरं उत्तर मी आजवर कुणाला दिलेलं नाही. विचारणारे पुष्कळ भेटले. मुलाखत घेणारे साहेब, लग्नातल्या बायका, आणि आता कंपनीत दर पावसाळ्यात रुजू होणारी नवी मुलंमुली. सगळ्यांना मी एकच सांगते, लहानपणापासून यंत्रांची आवड होती. कसली आवड अन् कसलं काय. घरातला मिक्सर बंद पडला की मी आजही त्याला एक थापड मारते, आणि तरी ऐकला नाही तर दुकानात नेऊन टाकते. मी इंजिनीअर झाले ती माझ्या आतेबहिणीवर जळून, आणि पंचवीस-तीस वर्षं या धंद्यात टिकले तीही तिच्यावर जळूनच.

ती माझ्याहून चार महिन्यांनी मोठी. चार महिने म्हणजे काय, एक उन्हाळा. पण आमच्या घरात मोठ्यांना नावानं हाक मारायची पद्धत नाही, त्यामुळे मला बोलता यायला लागलं तेव्हापासून ती माझी ताई. कॉलेजात आम्ही एका बाकावर, पुढे नोकरीत एका पदावर, तरी मी तिला ताई म्हणायचं आणि तिनं मला नावानं हाक मारायची. हे चार महिने मी आयुष्यभर फेडते आहे.

आत्या दिली होती खुलताबादला. आतोबांचे वडील निजामाच्या अमलात कचेरीत लिहायला होते, त्यामुळे आतोबांनीही कुठल्यातरी कचेरीत चिकटावं अशी सगळ्यांची अपेक्षा. त्यांनी मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की त्यांच्यातली जुनी तार काढून नवी भरायची. आमच्या नात्यात याला फार नाकं मुरडली गेली. कारकुनाच्या घरात जन्मून हात काळे करतो, असं माझी आईसुद्धा म्हणायची, मात्र आतोबा आले की त्यांना पाट मांडायची.

त्या एका दुष्काळात आम्ही मे महिन्यात तिकडे गेलो होतो. मी आणि ताई सातवीतून आठवीत जाणार होतो. विहिरी तळाला गेल्या होत्या. माणसं उरलेलं पाणी ओढायला कमी दाबाच्या विजेवर मोटार चालवायची, पाणी संपलं तरी मोटार तशीच फिरत राहायची आणि मग जळायची. आतोबांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जळक्या वार्निशचा वास अंगाला, केसांना, आत्याच्या भाकरीलासुद्धा. ताई तिथं मांडी घालून बसायची आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजत गुंडाळायची. मला रीळ धरायला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी मी हट्टानं वेढे मोजायला बसले. पन्नाससाठच्या दरम्यान कुठंतरी चुकले आणि अंदाजानं पुढं दामटलं. आतोबांनी ते गुंडाळलेलं न रागावता उसवलं आणि म्हणाले, "बेटा, तू आतून पाणी घेऊन ये बरं."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. ताईकडं बघून म्हणालं, "पोरीनं भरली का मोटार?"

"व्हय," आतोबा म्हणाले.

"चालंन का?"

"न्या तर खरी."

आठवड्यानं तो माणूस खरबूज घेऊन परत आला. लई झ्याक चालली म्हणाला, पोरीच्या हाताला गुण हाय म्हणाला. हाताला गुण असतो तो डॉक्टरच्या, असं मला तोवर वाटायचं. ते खरबूज मी खाल्लं नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

अकरावीला ताई आमच्याकडे शहरात राहायला आली. सिडकोतलं आमचं दोन खोल्यांचं घर, त्यातलं माझं टेबल आता दोघींचं झालं. आमचे बाबा पाटबंधारे खात्यात कारकून. धरणात किती पाणी आहे हे ते रोज जेवताना सांगायचे आणि आमच्या नळाला मात्र चारचार दिवसांनी पाणी यायचं. ते आलं की अख्ख्या लेनमध्ये हौदांचे पंप सुरू व्हायचे आणि त्यातले निम्मे पाणी न धरता नुसतेच घरघरायचे. मग बायका आमच्या फाटकाशी येऊन म्हणायच्या, "अगं, तुझ्या ताईला जरा पाठवतीस का?" मी जन्मापासून त्या लेनमध्ये राहत होते. दोन महिन्यांत मी ताईची बहीण झाले.

बारावीला मार्क मला जास्त पडले, हे इथं नोंदवून ठेवते. संस्कृतच्या बाईंनी घरी येऊन बाबांना सांगितलं की हिला भाषेत गती आहे, हिला तिकडे जाऊ द्या. मला स्वतःलाही तेच वाटत होतं. पण ताईनं इलेक्ट्रिकलचा फॉर्म आणला. ती तो भरत होती आणि बाबा तिच्या शेजारी उभे राहून, मुलगी असून बघ कशी धीट आहे, असं आईला सांगत होते. मी म्हणाले, मलाही एक फॉर्म आणा. बाबांना एवढा आनंद झाला की ते लगेच सायकल काढून गेले. जळणाऱ्या माणसाला आपल्याकडे महत्त्वाकांक्षी समजतात, तेव्हा कुणालाच काही संशय आला नाही.

कॉलेजात मी पाठ करून पुढं राहिले. ताई समजून घेत बसायची, त्यामुळं तिचा पेपर अर्धवट राहायचा. निकालाच्या फळ्यावर मी तिच्या वर असायचे, पण प्रयोगशाळेत मुलं तिच्याभोवती जमायची. चालत्या मोटारीवर ती हाताची उलटी बाजू टेकवायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "बेअरिंग ओरडायलंय." मीही एकदा सगळ्यांसमोर हात टेकवला. मला नुसतं गरम लागलं.

दोघी एकाच कंपनीत निवडल्या गेलो. वाळूजला, गाड्यांचे भाग करणारा कारखाना. मुलाखतीत मी देशाच्या प्रगतीवर बोलले. ताई म्हणाली, "मोटार जळाल्याचा वास आला की मला कारण कळेपर्यंत जेवण जात नाही." बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, असं काय बोलायचं असतं का मुलाखतीत. ती म्हणाली, "मग काय बोलायचं असतं?" तिला खरंच माहीत नव्हतं.

मी उत्पादनात गेले, ती देखभालीत. म्हणजे यंत्रं चालवून माल काढायचा मी आणि यंत्रं बंद पडली की बोलवायचं तिला. मधे लग्नं झाली, मुलं झाली. बीड बायपासला शेतं होती तिथं इमारती झाल्या आणि त्यातल्या एकीत मी फ्लॅट घेतला. ताईचे यजमान शाळेत शिक्षक, ती सिडकोतच राहिली. या सगळ्या काळात नोकरी सोडावी असं मला किती वेळा वाटलं असेल. बाळंतपणानंतर तर राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. पण त्याच आठवड्यात ताई रुजू झाली, कडेवरचं मूल आत्याकडे ठेवून. मी राजीनामा फाडला. ती आहे तोवर मी कशी जाऊ?

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

बारा वर्षांपूर्वीचा दुष्काळ. जायकवाडी आटली, उद्योगांचं पाणी तोडलं, आणि कंपनीत टँकर यायला लागले. कुठल्याकुठल्या बोअरचं पाणी, चहा केला तर फुटायचा. आमच्याकडं एक यंत्र होतं, लोखंडी दांडे कडक करणारं. तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं असतं, त्याला कॉईल म्हणतात. त्यात दांडा उभा केला की काही क्षणांत तो लालभडक होतो. ती नळी स्वतः वितळू नये म्हणून तिच्या आतून सतत पाणी फिरत असतं, आणि ते पाणी मऊ लागतं. जड पाणी गेलं तर आत क्षार बसतात, नळी बुजते आणि जळते. म्हणून टँकरचं पाणी आधी सॉफ्टनर नावाच्या पिंपातून गाळून मग टाकीत घ्यायचं. ताई रोज सकाळी सॉफ्टनरमधून येणारं पाणी एका बाटलीत घ्यायची, दोन थेंब औषध टाकायची. गुलाबी झालं तर जड, निळं झालं तर मऊ. रोज निळं यायचं आणि ती रोज तसं रजिस्टरला लिहायची.

पण सॉफ्टनर अधूनमधून मिठाच्या पाण्यानं धुवावा लागतो आणि तेवढा वेळ पाणी मिळत नाही. टँकरचं पाणी इतकं वाईट की तो रोजच धुवायला लागला. माझी पहिली शिफ्ट. टाकी खाली जायची, यंत्र थांबायची वेळ यायची, आणि तिकडे गाड्यांच्या कंपनीचा फोन, माल कुठंय. टँकरवाले चाचा फाटकाशी कुरकुरायचे, "म्याडम, खाली करू क्या नक्को? मेरेकू और तीन जगा जानाय." सॉफ्टनरला वळसा घालून पाणी थेट टाकीत सोडणारा एक व्हॉल्व्ह होता. तो उघडायचा नाही असा नियम. एके दिवशी मी तो उघडला. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उघडला. मग रोजच. ताई बाटली भरायची ती सॉफ्टनरच्या तोंडाशी. टाकीत काय जातंय हे तिला कळायचं कारण नव्हतं.

यात तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात नव्हतं. मला माल काढायचा होता, एवढंच. वाईट मनात आलं ते नंतर.

पंधरा-सोळा दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, कॉईल जळाली. नुसती कॉईल नाही, तिच्या मागचं अर्धं यंत्र घेऊन गेली. कापून पाहिलं तर नळीत पांढरा खडक.

कारखान्यात काही बिघडलं की आमच्याकडं एक कागद भरायची रीत आहे. त्याला सगळे व्हाय-व्हाय म्हणतात. का झालं, याचं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तराला पुन्हा का विचारायचं, असं पाच वेळा. शिकवताना एक गोष्ट बजावून सांगतात की उत्तर माणसावर येऊन थांबलं तर समजा तुम्ही वाटेतच थांबलात, अजून एकदा का विचारा. मी स्वतः हे नव्या मुलांना शिकवलेलं आहे. तो कागद त्या दिवशी मी भरला, कारण यंत्र माझ्या शिफ्टला जळालं होतं.

कॉईल का जळाली? पाणी पुरेसं फिरलं नाही. का? नळी क्षारानं बुजली. का? टाकीत जड पाणी आलं. इथवर सगळं खरं होतं. चौथ्या चौकटीशी माझं पेन थांबलं. त्याच आठवड्यात नव्या यंत्राच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला जायला ताईची निवड झाली होती. घरी बाबांनी पेढे आणले होते. हातात पेढ्यांचा पुडा घेऊन ते मला म्हणाले होते, "बघ, ताईनं नाव काढलं." ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी चौथ्या चौकटीत लिहिलं, पाण्याची तपासणी नीट झाली नाही. पाचव्या चौकटीत लिहिलं, तपासणाऱ्या व्यक्तीचं दुर्लक्ष.

मीटिंगला बसायच्या आधी ताई मला जिन्यात भेटली. तिचा चेहरा उतरला होता, पण रडका नव्हता. तो आतोबांच्या दुकानातला, वेढे मोजतानाचा चेहरा होता. म्हणाली, "मला एकच सांग गं. वळशाचा व्हॉल्व्ह कुणी उघडला होता का?"

मी म्हणाले, "नाही ताई."

"तुझ्या शिफ्टला नाही ना?"

"नाही म्हटलं ना."

ती म्हणाली, "बरं." पुन्हा विचारलं नाही. टँकरवाल्या चाचांना विचारायला गेली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. पण ती गेली नाही.

मीटिंगमध्ये ती एवढंच म्हणत राहिली की रजिस्टरला रोज निळं आहे. साहेब म्हणाले, "रजिस्टर टेबलावर बसूनही भरता येतं, मॅडम." ताईनं माझ्याकडं पाहिलं, मी कागदाकडं. तिला यंत्रांवरून काढून युटिलिटीला टाकलं, म्हणजे पाणी, कॉम्प्रेसर, बॉयलर, सांडपाणी. आमच्याकडं तिथं कुणी हौसेनं जात नाही.

जर्मनीला मी गेले. तिथलं निम्मं मला कळलं नाही. येताना तिच्यासाठी चॉकलेटचा डबा आणला आणि तिनं तो मुलांना वाटला.

मला वाटलं, आता तरी माझा जीव थंड होईल. झालं भलतंच. ताई युटिलिटीत जाऊन बसली ती रमलीच. वाया जाणारं पाणी धरून परत वापरायला लावलं, शेडवरचं पावसाचं पाणी टाक्यांत घेतलं, गळक्या लाइनी स्वतः पायानं तुडवून शोधल्या. पुढच्या दुष्काळात वाळूजचे कितीतरी कारखाने दिवसाआड बंद होते आणि आमचा चालू होता. दुसऱ्या कंपन्यांचे लोक बघायला यायचे. ती त्यांना त्या हिरव्या शेवाळलेल्या टाक्यांपाशी उभी राहून समजावायची आणि तिच्या तोंडावर असं काही समाधान असायचं की मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. मला तोवर दोन बढत्या मिळाल्या होत्या, केबिन होती, खिडकीला पडदा होता. बघायला मात्र कुणी येत नव्हतं.

आणि तिचं ते सकाळचं पाणी. आल्याआल्या, पर्स ठेवायच्या आधी, ती बाटल्या भरायला जायची. आता एका ठिकाणी नाही, सात-आठ ठिकाणी. तिच्या हाताखाली माणसं होती, तरी स्वतः. सुट्टीच्या दिवशीही येऊन जायची. तिच्या मुलाची मुंज होती त्या दिवशीसुद्धा पहाटे येऊन गेल्याचं वॉचमननं सांगितलं. याला म्हणतात कामावर प्रेम, असं मी माझ्या यजमानांना म्हणाले, आणि म्हणताना माझ्या तोंडात कडू आलं. मला सोमवारी सकाळी अंथरुणातून उठवत नसे.

मग शेंद्र्याचं ठरलं. कंपनीनं तिकडं नव्या कारखान्याला जागा घेतली, मोकळ्या जमिनीवर पहिल्या विटेपासून उभा करायचा. मोठ्या साहेबांनी ताईला बोलावून विचारलं. तिच्यावरचा जुना डाग आता कुणाच्या लक्षातही नव्हता. ती नको म्हणाली. दोन दिवस विचार करा म्हणाले, दोन दिवसांनी परत जाऊन नको म्हणाली. मग मला विचारलं.

शेंद्रा मी उभा केला, लोक अजून नाव काढतात. पण पाटी लावली त्या दिवशी फुलांचा गुच्छ घेताना मला सारखं वाटत होतं की हे तिनं नको म्हटलेलं आहे. उष्टं ताट. मला जे मिळवायला माणसं तुडवावी लागली, ते तिनं ताटातली कोशिंबीर सरकवावी तसं सरकवून दिलं. तिला काही लागतच नाही. असं समाधान एखाद्याला देवानं द्यावं आणि मला नुसते मार्क द्यावेत, याचा मला संताप यायचा. एकदा मी तिला विचारलंही, "ताई, शेंद्र्याला नको का म्हणालीस?" ती हसून म्हणाली, "मला इथलंच पुरं आहे गं." घरी येऊन मी भांडी आपटली.

गेल्या उन्हाळ्यात एका कॉलेजनं आम्हा दोघींना बोलावलं. मुलींनी इंजिनीअरिंगकडं का यावं, आलेल्यांनी का टिकावं, असा काहीतरी विषय. मी स्लाइड नेल्या होत्या. नेतृत्व, चिकाटी, ध्येय. मुली फोन बघत होत्या. मग एका मुलीनं ताईला विचारलं, मॅडम, इतकी वर्षं तुम्हाला रोज कामावर काय घेऊन येतं? ताई म्हणाली, "सकाळी पाणी तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही. बास." सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. शेजारच्या प्राध्यापकबाई डोळे पुसत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या, हाताला आग होईपर्यंत.

येताना माझ्या गाडीत होतो. जालना रोडला रसवंतीपाशी थांबलो. ऊन मी म्हणत होतं. ताई अर्धा ग्लास रस प्यायली आणि म्हणाली, "उगीच टाळ्या वाजवतात गं पोरी. तू किती छान तयारी केली होतीस." ती दया मला सहन झाली नाही. मी आजवर स्वतःला सांगत आले की मला पश्चात्ताप झाला म्हणून मी बोलले. तसं नव्हतं. मला तिचं ते समाधान एकदा तरी तडकलेलं बघायचं होतं.

मी म्हणाले, "ताई, तो व्हॉल्व्ह मी उघडायचे."

तिला लगेच कळलं कोणता. बारा वर्षांनी. ग्लास खाली ठेवून म्हणाली, "किती दिवस?"

"पंधरा. सोळा असतील."

"रोज?"

"रोज, पहिल्या शिफ्टला."

"अख्खी टाकी का अर्धी?"

"अर्धी."

तिचे ओठ हलायला लागले. ती हिशेब करत होती. मी रडण्याची, थोबाडीत मारण्याची तयारी ठेवली होती, आणि ही टाकीचं माप काढत होती. मग तिनं श्वास सोडला, पाय पसरले आणि खुर्चीला टेकली. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. "तेवढ्यात तेवढा क्षार बसणारच."

मी म्हणाले, "मी मुद्दाम..."

"थांब जरा." तिनं हात वर केला. "माझं तपासणं बरोबर होतं. निळं होतं ते खरंच निळं होतं."

"हो."

"बारा वर्षं मला वाटायलंय की मला ते पाणी कळलंच नाही." तिचा आवाज चढला नाही, पण रसवाला वळून बघायला लागला. "सगळं करून बघितलं मी. औषध बदललं, बाटल्या बदलल्या. डोळे तपासून घेतले, रंग नीट दिसतात का म्हणून. व्हॉल्व्हचं डोक्यात आलं की दर वेळी खोडून टाकायचे, कारण तू नाही म्हणाली होतीस. तू नाही म्हणालीस म्हणजे नाही. मग उरले मी. शेंद्र्याला मी नको का म्हणाले माहितीये? ज्या बाईला एक टाकी सांभाळता आली नाही, तिनं कारखाना काय उभा करायचा? तिथं माझ्या हातून माणूस मेलं असतं तर? रात्ररात्र हेच."

मी म्हणाले, "पण तू किती समाधानी... रोज सकाळी इतक्या आवडीनं..."

"आवडीनं?" ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी एखाद्या परक्या भाषेत बोलले आहे. "भीतीनं गं. रोज बाटली हातात घेतली की वाटायचं, दिसतंय ते निळं खरंच निळं आहे ना."

ती उठली, पर्स घेतली आणि रस्त्याकडे जाऊन रिक्षाला हात केला. मी मागं गेले. ताई, ताई, म्हणत राहिले. रिक्षात बसताना तिनं एकदाच मागं पाहिलं आणि म्हणाली, "तू मला ताई नको म्हणूस." मी तिथंच उन्हात उभी राहिले. रसाचे दोन्ही ग्लास तसेच होते आणि त्यांच्यावर माश्या बसल्या होत्या.

त्यानंतर तिनं मला फोन केलेला नाही, माझा उचललेला नाही. पाच-सहा दिवसांनी दुसऱ्याच कुठल्या कामासाठी वाळूजच्या युटिलिटीत माझा फोन गेला. तिच्या हाताखालचा जुना ऑपरेटर होता. काम झाल्यावर त्यानं आवाज खाली केला. "मॅडम, आमच्या मॅडमची तब्येत बरी हाय ना? दोन-तीन दिवस झालं, पाणी मलाच तपासायला सांगायल्यात. स्वतः बाटलीला हात नाय लावत."

"मग काय करतात?"

"काय नाय. कडुलिंबाखाली खुर्ची टाकून चहा घ्यायल्यात. काल तर गाणं गुणगुणायलत्या. आन् मोठ्या साहेबांकडं गेल्त्या, बिडकीनला नवं युनिट टाकायलेत ना, ते मला द्या म्हणून सांगून आल्या."

मी फोन ठेवला. केबिनचं दार लावलं आणि टेबलाशी बसून राहिले. बारा वर्षं ते खोटं आम्ही दोघींनी मिळून वाहिलं होतं, तिनं न कळता आणि मी कळून. सांगितलं मी, आणि मोकळी झाली ती. आणि मी पुन्हा तिच्यावर जळायला लागले.